चांदण्याचा तक्ता आणि बिरूतात्या

बिरूतात्या,

तुमचं सर्व्हिस बुक आठवडाभर माझ्या टेबलावर पडून होतं. म्युनिसिपालटीच्या नोकरीतला माणूस गेला की शेवटच्या पानावर हेडक्लार्कने दोन ओळी लिहायच्या असतात. अमुक इसम मयत झाल्याने नाव कमी केले, खाली सही. अशा ओळी मी आजवर पुष्कळ लिहिल्या. शिपायांच्या, नाकेदारांच्या, एका मास्तरांच्यासुद्धा. टाक बुडवायचा, लिहायचं, टिपकागद दाबायचा आणि पुढचा कागद ओढायचा. तुमचं पुस्तक मात्र रोज उघडत होतो आणि रोज मिटत होतो. चीफ ऑफिसरसाहेबांनी दोनदा विचारलं, मी दोनदा काहीतरी थाप मारली.

अडचण शेवटच्या पानाची नव्हती, सातव्या पानाची होती. तिथे माझ्या अक्षरात तुमच्याविरुद्ध एक शेरा आहे. तो लिहिला गेला त्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलासमोर उभे होता आणि म्हणाला होता, "भाऊसाहेब, काय लिवलंय तेवडं वाचून दावा की." मी वाचून दाखवला आणि वाचताना एक ओळ गाळली. अकरा वर्षं झाली. त्या अकरा वर्षांत आपण दोघांनी मिळून किती चहा प्यायला असेल देव जाणे, पण ती ओळ काही माझ्या तोंडून बाहेर आली नाही. आता सांगतो. तुम्हाला वाचता येत नव्हतं म्हणूनच लिहायचं धाडस होतंय, हेही कबूल करतो.

तुम्ही दिवाबत्तीचे मुकादम आणि मी तेव्हा दिवाबत्तीचा कारकून. शहरातले राकेलचे दिवे संध्याकाळी लागायचे ते तुमच्या माणसांच्या हातांनी, आणि कुठला लागायचा, किती वेळ जळायचा, ते ठरायचं माझ्या कागदावर. मी नव्याने या खात्यात आलो तेव्हा तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात शहाणं केलंत. इलेक्शन नुकतंच झालं होतं. मी नकाशा घेऊन दिव्यांचे खांब मोजायला निघालो, तर नकाशात एक आणि रस्त्यावर दुसरंच. मारुतीच्या देवळाजवळचा खांब जागेवर नाही, विहिरीजवळचा नाही. मी घाबरलो. म्हटलं, चोरी झाली. तुम्ही खांद्यावरची शिडी खाली ठेवलीत, तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवलीत आणि अगदी गंभीर तोंडाने म्हणालात, "चोरी न्हाय, भाऊसाहेब. इलेक्शन झालं की खांबाला पाय फुटत्यात. ह्यो विहिरीवरचा चालत चालत नव्या मेंबराच्या दारात ग्येलाय."

खरंच तसंच होतं. मेंबर निवडून आला की त्याच्या दारात दिवा, आणि पडला की तोच खांब उपटून दुसऱ्याच्या दारात. लोकही त्याला 'मेंबराचा दिवा'च म्हणायचे. त्या दिवशी मी इतका हसलो, की माझा नवा फेटा सुटला. तुम्ही हसला नाहीत. "हसताय काय," म्हणालात, "विहिरीवर बाया पानी भरत्यात अंदारात." तुमचं हे असंच असायचं. हसवायचं आणि मग हसल्याची लाज वाटायला लावायची.

दिव्यांवर तुमचा जीव होता हे अख्ख्या शहराला माहीत होतं. बत्तीवाल्यांनी काच राखेनं घासून वर जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायची, वात कात्रीनं सरळ कापायची, कोपरे गोल करायचे. एखाद्याने दातानं वात तोडली तर तुम्ही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचात. मंगळवेढ्याकडची मेंढरं दुष्काळात गेली म्हणून तुम्ही सोलापुरात आलात, एवढंच तुमच्या मागच्या आयुष्याबद्दल मला ठाऊक. तुमच्या बोलण्यात मात्र दिवेसुद्धा मेंढरांसारखे यायचे. अमका दिवा गरीब हाय, तमका लई खोडील हाय, ह्येच्याकडं वाऱ्याच्या दिवसांत नीट बगावं लागतं.

आणि मी? माझा जीव तक्त्यांवर. त्यातही माझा लाडका तक्ता चांदण्याचा.

तेव्हाची रीत अशी होती. दिवाबत्तीची पट्टी घरांवर बसायची, ती पुरी पडायची नाही, म्हणून राकेल वाचवायचं. चांदण्या रात्री दिवे लावायचेच नाहीत. मग कुठल्या तिथीला चांदणं किती ते पंचांग पाहून ठरवायचं आणि वर्षाचा तक्ता करायचा. हे काम माझं. मी तो तक्ता तांबड्या आणि काळ्या शाईत इतका देखणा काढायचो, की अध्यक्षांनी तो आपल्या खोलीत टांगला होता. शुद्ध पक्षातल्या सप्तमीपासून पुढे पौर्णिमेपर्यंत दिवे बंद. वद्य पक्षात अंधार पडतो म्हणून दिवे चालू, तेही मध्यरात्रीपर्यंत पुरेल एवढंच तेल. वकिलांच्या रस्त्यापासून गिरणीमागच्या बोळापर्यंत सगळ्यांना एकच नियम, एकच माप. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. याहून न्यायाचं काय असेल? असं मी तुम्हाला अभिमानानं विचारलं होतं. आठवतं ना?

तुम्ही तक्त्याकडे बराच वेळ पाहिलंत. मग म्हणालात, "चित्र ब्येस हाय. पर ह्यो चांद तुमच्या लोकांचा हाय."

"म्हणजे?"

"तुमचा चांद सांजचा. आमचा पहाटंचा."

मला काही समजलं नाही आणि समजून घ्यायची गरजही वाटली नाही. तांबड्या शाईचा केवढा तोरा होता मला! मी म्हटलं, "तात्या, चंद्र एकच असतो." तुम्ही म्हणालात, "व्हय, चंद्र येकच असतुया. गिरनीचा भोंगा दोनदा होतुया." आणि शिडी उचलून निघून गेलात. तुमच्या बोलण्यात तथ्य असेल असा संशय मला आला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

तुमच्या पत्नी सगुणाबाई गिरणीत रिळावर, सूत गुंडाळायच्या खात्यात, जायच्या. गिरणीमागच्या बोळातून पहाटे भोंग्याआधी बायकांचा तो सगळा थवा निघायचा. तेव्हा तिथे गटारासाठी चर खणलेला होता. शुद्ध नवमीची तिथी होती. माझ्या तक्त्यात चांदणं, म्हणून दिवे बंद. पण शुद्ध नवमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर मावळतो, हे पंचांगातही लिहिलेलं असतं आणि आभाळातही. पहाटे चार वाजता त्या बोळात ना चंद्र होता, ना दिवा. सगुणाबाई चरात पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं.

मला हे कळलं ते तिसऱ्या दिवशी, तेही दुसऱ्याच कुणाकडून. तुम्ही मला काहीच बोलला नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "पडली खरी. हाड बसवलंय." बोळातले दिवे विझवून ठेवायचा हुकूम तुमच्याच तोंडून तुमच्याच माणसांना गेला होता, आणि तो हुकूम माझ्या तक्त्यातून आला होता. तुम्ही त्या दोन गोष्टी जोडून दाखवल्या नाहीत. मीही जोडल्या नाहीत. मी फक्त गटाराच्या कंत्राटदाराला चार शब्द सुनवले आणि आपण फार मोठं काम केलं असं समजून घरी गेलो.

त्यानंतर चार महिन्यांनी वकिलांच्या रस्त्यावरच्या एका वकील मेंबरांची तक्रार आली. त्यांच्या गड्याने पहाटे गावाकडून येताना पाहिलं होतं, की ऐन शुद्ध दशमीला गिरणीमागच्या बोळात सगळे दिवे लख्ख जळताहेत. कमिटीच्या सभेत ते तावातावाने म्हणाले, "आमच्या रस्त्यावर पट्टी जास्त, आणि चांदण्यात दिवे त्यांना? जो पट्टी भरतो त्याच्या दारात दिवा, हा साधा न्याय आहे!" मला चौकशी करायला सांगितलं. मी तुम्हाला बोलावलं. तुम्ही एका दमात कबूल केलंत.

"व्हय, म्या लावलं. चोरी न्हाय क्येली. वद्यात सांजच्याला त्या बोळात कोन हाय? समदी गिरनीतनं येऊन निजलेली. म्हनून वद्यात तितल्या दिव्यांत निम्मंच त्याल घालतो. पहाटं तर वद्यात चांदच असतुया. ऱ्हायलेलं त्याल शुद्धात पहाटं जाळतो. माप तेवडंच. वाटल्यास डबं बगा."

तात्या, मी डबे पाहिले. माप बरोबर होतं. एक थेंबही जास्त नव्हता. तुम्ही काय केलं होतं ते त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उतरायला हवं होतं. पण मला एवढंच दिसलं, की एका निरक्षर मुकादमाने माझा तक्ता उलटा टांगला आणि मला विचारलंही नाही. माणसाचा अहंकार कुठे दडून बसेल सांगता येत नाही. माझा तांबड्या शाईच्या दौतीत बसला होता.

मग मी तो शेरा लिहिला. "मुकादम याने कमिटीचा ठराव मोडून मना केलेल्या तिथींस दिवे लावले. सबब सक्त ताकीद देण्यात येत आहे." इथे थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण वकील मेंबर खुर्चीत मागे बसून पाहत होते, आणि मला त्यांच्यापुढे आपण कसे कडक आहोत ते दाखवायचं होतं. म्हणून आणखी एक ओळ घातली. "सदर गैरवर्तन त्याने स्वतःच्या कुटुंबाच्या सोयीकरिता केले आहे."

तुम्ही अंगठा उठवायच्या आधी म्हणालात, वाचून दावा. मी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली आणि टाक खाली ठेवला. तुम्ही विचारलंत, "एवडंच?" मी म्हटलं, "एवढंच." तुम्ही कागदाकडे पाहिलंत. ओळी मोजता येत नसतील तुम्हाला? तीन ओळी होत्या, मी दोन वाचल्या होत्या. पण तुम्ही अंगठा दिलात.

दोन दिवस तुम्ही ऑफिसात आला नाहीत. तिसऱ्या दिवशी आलात, नेहमीसारखे ओट्यावर बसलात आणि म्हणालात, "चा सांगा की, भाऊसाहेब." मी लगबगीनं चहा सांगितला. वर कांदाभजीही मागवली. अपराधी माणूस फार खिलवतो, तात्या.

पुढच्याच हिवाळ्यात माझी थोरली बहीण पहाटेच्या गाडीनं येणार होती. तिला उतरवून घ्यायला मी निघालो आणि जवळची वाट म्हणून गिरणीमागच्या बोळात शिरलो. शुद्ध दशमी होती. माझ्या तक्त्याप्रमाणे चांदण्याची रात्र, आणि तुमच्यावर शेरा बसल्यामुळे आता दिवेही माझ्या तक्त्याप्रमाणेच बंद. हाताला हात दिसेना. भिंत चाचपत चाललो होतो. समोरून आणि मागून बायका जात होत्या, एकमेकींच्या पदराला धरून, नुसतं बोलण्यावरून वाट काढत. एकजण मला धडकली आणि म्हणाली, "कोन हाय त्ये? बोलत चला की, बाबा. हितं बोलल्याबिगर चालायचं नसतंय." बहिणीला घेऊन घरी आलो आणि चहा न पिता पंचांग काढलं.

महिन्याभरात नवा तक्ता झाला. वकिलांच्या रस्त्याला संध्याकाळचा चंद्र धरायचा, गिरण्यांच्या बाजूला पहाटेचा. राकेल तेवढंच, पट्टी तेवढीच, फक्त ज्या भागातली माणसं ज्या वेळी चालतात त्या वेळी उजेड. वकील मेंबर कुरकुरले, पण खर्च वाढत नाही म्हटल्यावर त्यांचं काही चाललं नाही. अध्यक्षांनी सभेत माझी पाठ थोपटली. "कारकुनानं डोकं चालवलं," म्हणाले. मी उभा राहून नमस्कार केला आणि खाली बसलो. तुमचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं, खरंच आलं होतं. पण तुमचं नाव घेतलं असतं तर शेऱ्याचं काय, असा प्रश्न निघाला असता, आणि शेरा निघाला असता तर ती ओळ निघाली असती. म्हणून मूग गिळले. तुम्ही दाराशी उभे होता. बाहेर आलो तर तुम्ही म्हणालात, "ब्येस झालं की, भाऊसाहेब. बाया दुवा देतील." टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. पण तुम्हाला खरोखरच आनंद झाला होता, आणि तो मला सहन होईना.

मग वीज आली. मोठ्या रस्त्यांवर तारा लागल्या आणि विजेच्या दिव्यांवर मुकादम नेमायची वेळ आली. सगळ्यांना वाटत होतं तुमचंच नाव लागणार. साहेबांनी पुस्तकं मागवली, तुमचं सातवं पान उघडलं आणि म्हणाले, "सरकारी माल घरच्यासाठी वापरणारा माणूस नको." मी समोर उभा होतो, तात्या. बोलायला तोंड उघडलंही होतं. पण त्यातून "होय साहेब" बाहेर पडलं. तुमच्या हाताखालचा बत्तीवाला मुकादम झाला आणि तुम्ही राहिलेल्या राकेलच्या दिव्यांवर राहिलात. दर वर्षी ते दिवे कमी होत गेले आणि तुमची शिडी शहराच्या कडेकडेला सरकत गेली. शेवटी उरला तो गिरणीमागचा बोळ आणि त्याच्या आसपासच्या चार वाटा.

तरी आपलं भांडण काही थांबलं नाही, आणि देवाची दया की चहाही थांबला नाही. विजेवर तर तुम्ही माझं डोकंच खाल्लंत. मोठ्या रस्त्यावर जवळजवळ खांब आणि बोळात एकही नाही, याचा जाब तुम्ही मला विचारायचात, जणू तारा मीच विणतो. मी समजावून सांगायचो, की तात्या, खांबाला खर्च आहे, तार जिथं विजेचं गिऱ्हाईक आहे तिथून जाते, गिरणीमागच्या खोल्यांत वीज कोण घेणार? तुम्ही म्हणायचात, "म्हंजी त्या तारंलाबी पट्टी बगून चालायला शिकवलं म्हना की तुमी." मी चिडायचो. तुम्ही बशीतला चहा फुंकत बसायचात. गेल्या महिन्यातच तुम्ही नवीन हिशेब काढला होता, की मोठ्या रस्त्यावरचा एक आड एक दिवा काढला तरी कुणी ठेचकाळणार नाही, तेवढ्यात सगळा बोळ उजळेल. मी म्हटलं, असं होत नसतं. तुम्ही म्हणालात, "त्या वक्ताला चांदाचं बी तुमी असंच म्हनला व्हता." मी म्हटलं, बघू. ते 'बघू' आता माझ्यापाशी तसंच राहिलं आहे. मी मनातल्या मनात तुमच्याशी अजून वाद घालतो, आणि खरं सांगू, आता मीच हरायला लागलोय.

तुम्ही तीन दिवसांच्या तापात गेलात. मी दुसऱ्या दिवशी येणार होतो, ऑफिसात सभा होती म्हणून तिसऱ्या दिवशी येऊ म्हटलं. हेही एक राहिलंच.

परवा तुमच्या दहाव्याला आलो. माणसं पांगली तसं मी सगुणाबाईंना म्हटलं, "वहिनी, एक बोलायचं होतं." ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातला मी. आधी पुस्तकाचं बोललो, मग नोकरीच्या कागदांचं, मग हवापाण्याचं. त्या उजव्या हाताने चहा ढवळत होत्या. मनगट अजून नीट वळत नाही त्यांचं. शेवटी एकदाचं सांगून टाकलं, की शेऱ्यात एक ओळ होती आणि ती मी तात्यांना वाचून दाखवली नाही.

त्या म्हणाल्या, "ठावं हाय की."

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"त्यास्नी बी ठावं व्हतं. आंगठा दिऊन आलं आन् म्हनलं, कारकुनानं येक वळ गिळली. तीन व्हत्या, दोनच वाचल्या. सांजच्याला हापिसातल्या शिपायाकडनं त्येची नक्कल आनून शाळंच्या मास्तराकडनं वाचून घ्येतली. दोन दिस जेवलं न्हाईत. म्या म्हनलं, जाऊन त्येच्या तोंडावर इचारा. तर म्हनलं, न्हाय. लिवताना त्येला लाज वाटली न्हाय, पर वाचताना वाटली. लाज वाटती त्यो मानूस अजून बरा हाय. त्येच्यासंगं भांडता यील."

एवढं बोलून त्यांनी चहा माझ्यापुढे सरकवला. अकरा वर्षं मी तुमच्यापासून एक ओळ लपवत होतो, आणि अकरा वर्षं तुम्ही माझ्यापासून ती ठाऊक असल्याचं लपवत होता. माझं लपवणं माझ्यासाठी होतं. तुमचं कुणासाठी होतं, ते मला आता कळतंय.

मी म्हटलं, "वहिनी, ती ओळ लिहायला नको होती. तुमच्यासाठी त्यांनी दिवे लावले असतील तरी त्यात काय चुकलं?"

त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "माज्यासाटी? म्या त्या दिव्याखालनं कवा गेलेच न्हाय. हात मोडला तवाच गिरनी सुटली की माजी. दिवं लागलं त्येच्या आदीपास्नं म्या घरात व्हते. कुनी इचारलंच न्हाय."

कुणी विचारलंच नाही. चौकशी अधिकारी मी होतो, तात्या. डबे मोजले, माप पाहिलं, तिथ्या तपासल्या. बाई कामावर जाते का, एवढं एक विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. चार महिन्यांपूर्वीच तिची नोकरी गेली, असं एक वाक्य म्हणाला असतात तर शेरा तिथल्या तिथे कोसळला असता. पण तुमच्या घरचं दुःख तुम्ही माझ्या टेबलावर पुरावा म्हणून ठेवायला तयार नव्हता.

मी हात जोडले. माफी मागण्यासाठी शब्द जुळवत होतो तेवढ्यात सगुणाबाई म्हणाल्या, "माफीचं ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब. त्ये ग्येलं त्या दिसापास्नं बोळात बत्ती लागली न्हाय. बाया चाचपडत जात्यात. तेवडं बगा."

तुमची जागा भरायची नाही, असं ठरलंय. राकेलचे दिवे वर्षा-दोन वर्षांत जायचेच, मग कशाला नवा माणूस, असा ठराव झाला. तो ठराव मीच लिहिला होता, सुंदर अक्षरात, तुम्ही जाऊन चार दिवस झाले असताना. लिहिताना बोळ एकदाही डोळ्यांपुढे आला नाही.

तिथून उठलो तो थेट ऑफिसात गेलो. सातवं पान उघडलं आणि शेऱ्याखाली लिहिलं, "वरील शेऱ्यातील अखेरचे वाक्य खोटे आहे. चौकशी न करता ते मी लिहिले. पुढे गिरणीभागाकरिता मंजूर झालेला तक्ता हा मूळचा याच मुकादमाचा असून, त्याचे श्रेय मी घेतले." खाली पूर्ण सही केली आणि पुस्तक साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मेलेल्या माणसाच्या पुस्तकात हे कशाला?" मी म्हटलं, "जिवंत असताना जमलं नाही, साहेब." आता मला काय ताकीद मिळायची ती मिळेल. एक आड एक दिव्याचा तुमचा हिशेबही अर्ज करून कमिटीपुढे ठेवलाय, तुमच्या नावानं. वकील मेंबर आता म्हातारे झालेत, पण आवाज तसाच आहे. भांडण होईल.

ठराव बदलेपर्यंत मात्र बोळाला कोण उजेड देणार? म्हणून आज पहाटे मीच गेलो. जुन्या बत्तीवाल्यांपैकी एकाला शिडी धरायला घेतलं. या वयात धोतराचा काचा मारून शिडी चढताना माझी काय फजिती झाली ते तुम्ही पाहायला हवं होतं. पहिल्या दिव्याची वात मी एवढी वर ओढली, की काच धुरानं काळी झाली. खालून कुणीतरी ओरडलं, "वात खाली घ्या की हो!" घेतली. दुसरा बरा लागला, तिसरा चांगला लागला.

भोंग्याआधी बायका निघाल्या. कुणी कुणाचा पदर धरला नव्हता. एकीच्या पोराला दात येतायत, एकीची सासू रुसलीय, असल्या गप्पा मारत, हातातल्या भाकरीच्या फडक्यांसकट त्या माझ्या शिडीखालून गेल्या. एकीनंही वर पाहिलं नाही. पायाखालचं दिसत असलं की वर बघायची गरज कुणाला पडते? मी शिडीवर तसाच उभा राहिलो. हे रोज पाहायला मिळत होतं तुम्हाला, तात्या, आणि मला वाटायचं, तुमचं मी सगळं काढून घेतलं.